दाभोळच्या गाळातलं हेड

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर कुणाच्याही लाँचचं इंजिन कण्हायला लागलं की लोक रावजी शिवलकरला बोलावणं धाडत. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला चिऱ्याच्या चार भिंती, वर पत्रे, आत एक लेथ, लोखंड रंधणारा एक शेपर आणि एक भट्टी, एवढाच त्याचा कारखाना. उमेदीची वर्षं त्याने मुंबईच्या गोदीत इंजिनं चढवण्या-उतरवण्यात काढली होती. बाप गेल्यावर तो रत्नागिरीला आला तो कायमचाच. अंगाने काटकुळा, बोलायला तुटक. त्याची बायको सगुणा म्हणायची, "ह्यांच्याशी बोलायचा तर माणसाच्या पोटात पिस्टन पायजे."

कारखान्यात त्याच्या जोडीला केरू होता, सगुणाचा धाकटा भाऊ. लांज्याकडचा, तिशीचा, भित्रा वाटावा इतका जपून काम करणारा. स्वतः पिळलेला नट तो पुन्हा पाना लावून बघायचा. रावजी त्याची थट्टा करायचा, पण केरूने हात लावलेलं काम धक्क्यावरून कधी परत आलं नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं.

रावजीला एकच नाद होता, जुन्या विलायती इंजिनांचा. कोल्हापुरातले काही फाउंड्रीवाले आणि वर्कशॉपवाले मिळून दर मार्गशीर्षात एक स्पर्धा भरवत. इंजिन आपण बांधायचं, पण त्यावरचं हेड मात्र स्वातंत्र्याआधी ओतलेलं असलं पाहिजे, ही अट. हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं ओतीव लोखंडाचं जाड झाकण. हवा त्यातूनच आत जाते, धूर त्यातूनच बाहेर पडतो, आणि सगळं तापू नये म्हणून त्याच्या पोटातून पाणी खेळत असतं. इंजिनाचा श्वास म्हणजे हेड, असं रावजी म्हणायचा. इंजिनाच्या चाकाला दोर गुंडाळून त्यावर वजनं टांगायची, आणि अर्धा तास न थांबता जे इंजिन सगळ्यांत जास्त ओझं ओढेल ते पहिलं.

रावजी दोनदा गेला आणि दोनदा हरला. ब्याऐंशी साली तर भर मैदानात त्याच्या इंजिनाची हेडखालची गॅसकेट उडाली, तोंडावर काळं पाणी उडालं, आणि मांडवातून कुणीतरी ओरडलं, "कोकण्या, त्याच्यावर बांगडे भाज आता!" माणसं पोट धरून हसली. केरूही ओठ चावून हसला, मग बापडा लगेच फडकं घेऊन धावला. रावजीने तोंड पुसलं, इंजिन ट्रकवर चढवलं आणि दोघे आंबा घाट उतरले. साखरप्याला चहा घेताना रावजी एवढंच म्हणाला, "हेड वाकलेला होता. दुसरा हुडकायला लागेल."

हुडकणं सोपं नव्हतं. तसल्या बनावटीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं खालचं धड, त्याच्याकडे होता, पण त्यावर बसणारं हेड कुठे मिळणार? लांज्याच्या भंगारवाल्यांकडे एसटीची आणि ट्रकची हेडं ढिगाने पडलेली, ती कामाची नव्हती. जयगडला एका जुन्या भातगिरणीत एक मिळालं, ते हातोडीच्या टिचकीला फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं. मग पुढच्या उन्हाळ्यात दाभोळहून आलेल्या एका खलाशाने सांगितलं, की तिथल्या खाडीच्या गाळात एक जुनी पॅसेंजर लाँच रुतून पडलीय. पितळ गेलं, फळ्या गेल्या, पाण्यातला पंखाही कुणी पळवला. इंजिनाला मात्र कुणी हात लावत नाही.

"का बरं?" रावजीने विचारलं.

"माणूस खाल्लान त्याने," खलाशी म्हणाला आणि विडी पेटवायला वळला.

रावजी केरूला घेऊन दाभोळला गेला. ओहोटी लागली होती. लाँचच्या फासळ्या गाळातून वर आल्या होत्या, त्यांवर कालवांचे शिंपले धरले होते. इंजिनाचा खालचा भाग पार सडून गेला होता. पण वरचं हेड ग्रीस आणि काजळीच्या जाड थराखाली जसंच्या तसं होतं. रावजी गुडघाभर गाळात उभा राहिला आणि त्याने हातोडीने हेडवर हलकेच टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला. केरूला वाटलं, भावोजी आता तिथेच नाचतील.

ते नट सोडवत असताना बंधाऱ्यावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिचं नाव सोनूबाई. ह्याच लाँचवर तिचा नवरा ड्रायव्हर होता, दाभोळ ते गोवळकोट फेऱ्या मारायचा. ती ओरडली नाही, की तिने शिव्या दिल्या नाहीत. नुसती बघत राहिली. शेवटी रावजीलाच अवघडल्यासारखं झालं. तो वर गेला.

"आजी, हे घेऊन जातोय. तुमची हरकत नाय ना?"

"माझा काय हाय त्यात," ती म्हणाली. "भूतबीत काय नाय हां त्याच्यात. लोक बोलतात तसा काय नाय. त्याच्या पोटातला पानी आत शिरायचा. हे मालकाला सांगून सांगून दमले. मालक म्हणायचा, आज चालव, उद्या बघू. एक दिवस सगळी वाफ ह्यांच्या अंगावर आली. चार दिवस केळीच्या पानावर निजवून ठेवलेले."

रावजीने हातातला पाना फडक्याला पुसला.

"ने," म्हातारी म्हणाली. "पन जिथं माणसा बसतील तिथं नको लावू."

"नाय लावणार. शर्यतीसाठी हाय, जमिनीवरच चालायचा," रावजी म्हणाला. त्या घडीला तो खरंच बोलत होता.

हेड समुद्रमार्गे मिरकरवाड्याला आलं. आठवडाभर रॉकेलच्या पिंपात भिजत पडलं. मग रावजीने त्याची परीक्षा घेतली. लोखंडावर रॉकेल फिरवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी मारायची. कुठे चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटली नाही. म्हातारीच्या नवऱ्याच्या वेळी गॅसकेटच गेलेली असणार, असं रावजीने स्वतःशी ठरवून टाकलं.

पावसाळाभर लाँचेस किनाऱ्यावर ओढलेल्या, धक्क्यावर काम नाही. रावजी त्या हेडला बसला. खालची बाजू शेपरवर थोडी उतरवली, म्हणजे आतली जागा आवळेल आणि हवा जास्त दाबली जाईल. हवा आत येण्याची वाट कानशीने कोरून रुंद केली आणि तिच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत घासल्या. तळहात काळे पडले, बोटांची सालं निघाली. सगुणा जेवायला हाका मारून थकायची. एकदा तिने दारात उभं राहून विचारलं, "त्या लोखंडात काय दिसतंय तुमाला?" तो म्हणाला, "वारा." ती हसली नाही. त्याच्या डोळ्यांत तिला जे दिसलं ते बरं वाटलं नाही, आणि ती ताट झाकून ठेवायला आत गेली.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याला हवेचा व्हॉल्व आणखी मोठा हवा होता. ट्रकचा एक व्हॉल्व मापात बसेल असं वाटलं. त्यासाठी व्हॉल्व टेकतो ती बैठक रुंद कापावी लागणार, आणि दोन व्हॉल्वच्या मधे लोखंडाची जेमतेम बोटभर पट्टी राहणार. केरूने पट्टीकडे बघितलं आणि मान हलवली.

"भावोजी, ही फार बारीक होतेय. खाली पानी हाय."

"अर्धा तास तर चालवायचा."

"तरी पन."

"तू घाबरतोस म्हणून आपण हसं करून घेतो," रावजी म्हणाला.

गणपतीत केरू गावी गेला. त्या दिवसांत रावजीने बैठक कापली आणि पुन्हा रॉकेल लावून खडू मारला. बाहेर आरतीच्या झांजा वाजत होत्या. बघता बघता पांढऱ्या भुकटीवर, बरोबर त्या पट्टीच्या मधे, केसासारखी एक काळी रेघ उमटली. चीर आधीपासूनच खोल दडलेली होती. त्याने वरचं लोखंड काढलं आणि ती उघडी पडली.

त्याने ती रेघ फडक्याने पुसून काढली. मग चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, आटे कापले, लोखंडी मेखा पिळून बसवल्या, मधे आणखी तीन मेखा एकमेकींना खेटून मारल्या, आणि वरून सगळं असं घासलं की बोट फिरवूनही कळू नये. गोदीत असली कामं त्याने केली होती. ती टिकतात, पण किती टिकतात हेही तो जाणून होता. गोड्या थंड पाण्यावर अर्धा तास चालेल. खाऱ्या पाण्यावर तासन्‌तास, तापत-निवत, नाही चालायचं.

केरू परत आला तेव्हा हेड ब्लॉकवर बसलेलं होतं.

"खडू मारलात?" केरूने विचारलं.

"मारला."

"बरा निघाला?"

"बरा," रावजी म्हणाला. केरूने मान डोलावली आणि पाना घेऊन एकेक नट पुन्हा बघायला लागला.

मार्गशीर्षात ते कोल्हापूरला गेले आणि जिंकले. त्या दिवशी इंजिन असं चाललं की मांडवातली बोलणी थांबली. दोरावर वजन चढत गेलं, दोर धुमसायला लागला, केरू घागरीने पाणी ओतत राहिला, आणि इंजिनाचा ठोका हलला नाही. शेवटी शेवटी मात्र त्या आवाजाच्या आत एक बारीक शीळ आली. पाणी गरम भांड्याला चाटलं की येते तशी. मैदानात ती कुणालाच ऐकू आली नाही. रावजीला आली. त्याचा हात इंजिन बंद करायच्या दांडीवर होता आणि तो त्याने तसाच ठेवला. मग पंचांनी निशाण खाली टाकलं, केरूने त्याला मिठी मारली, आणि ज्यांनी बांगड्याची थट्टा केली होती त्यांनीच गुलाल उधळला.

परतीच्या वाटेवर केरू अखंड बोलत होता. रावजी ट्रकच्या मागच्या काचेतून इंजिनाकडे बघत होता. वळणावळणावर ते दोरखंडात किंचित डुलत होतं.

कारखान्यात आल्यावर त्याने इंजिन एका कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आणि वर ताडपत्री टाकली. केरूला म्हणाला, "हे कुणाला द्यायचा नाय. चालवायचाही नाय." केरूला वाटलं, जिंकलेलं इंजिन, मायेपोटी म्हणत असतील. त्यामागचं कारण केरूने विचारलं नाही आणि रावजीने सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर गणपतीतली सगळी गोष्ट सांगावी लागली असती. "बरा" हा एक शब्द मागे घ्यावा लागला असता.

पण इंजिनाची कीर्ती धक्क्यावर पोचली होती. माघात धोंडूशेठ आला. धोंडूशेठ म्हणजे बंदरातला मोठा लाँचवाला, आवाजाने आणि मनाने दोन्ही मोठा. त्याच्या एका लाँचचं इंजिन ऐन कोळंबीच्या हंगामात बसलं होतं, नवं यायला वेळ होता. "रावजी, तुझा तो वाघ दे मला तोवर," तो म्हणाला.

"नाय जमायचा, शेठ."

"का? समुद्राचा इंजिन समुद्रात नाय चालायचा?"

"नाय म्हटला ना," रावजी तोडून बोलला. धोंडूशेठ रागावून गेला. चार लोकांत म्हणाला, रावजीला आता गर्व झालाय. रावजीच्या कानावर ते आलं, पण गर्विष्ठ म्हणवून घेणं त्याला खरं सांगण्यापेक्षा सोपं वाटलं.

पुढच्या आठवड्यात लांज्याच्या एका लाकडाच्या वखारीतलं इंजिन दुरुस्त करायला रावजी गेला आणि तिथे अडकून पडला. इकडे धोंडूशेठ पुन्हा आला, या वेळी लाँचच्या खलाशांना घेऊन. माणसं हात बांधून बसली होती, घरी चुली अडल्या होत्या. ते केरूला म्हणाले, "चार दिवस दे. तू स्वतः बसव, तू स्वतः बघ." केरूने आधी नाही म्हटलं. सगुणाला विचारलं. ती म्हणाली, "ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक हाय. मागून बडबडतील नि गप्प होतील. लोकांची अडचन हाय." खरं कारण त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. केरूने इंजिन दिलं. नेहमीसारखं जपून बसवलं, एकेक नट दोनदा पिळला, आणि पहिल्या फेरीला आपण सोबत राहायचं असं ठरवून पहाटे लाँचवर चढला.

त्याच दिवशी दुपारी रावजी एसटीने उतरून घरी आला. कारखान्यात शिरला आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली. ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. ओंडक्यांवर तेलाचे डाग होते.

"कुठाय?" त्याने विचारलं.

सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "धोंडूशेठने नेला. केरू गेलाय ना सोबत, काळजी कशाला?"

तांब्या तिच्या हातातच राहिला. रावजी धावत धक्क्यावर गेला. समुद्र तव्यासारखा सपाट होता, वारा नव्हता, क्षितिजावर दहाबारा लाँचेस ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. इतक्या शांत दिवसाची त्याला भीती वाटली. आप्पा नावाचा ओळखीचा तांडेल आपल्या लाँचवर जाळं आवरत होता. रावजी त्याच्या लाँचवर चढून म्हणाला, "आप्पा, चल. धोंडूशेठची लाँच गाठायची."

"झाला काय?"

"इंजिन फुटेल."

"तुला कसा ठाऊक?"

रावजीने पहिल्यांदाच ते तोंडाने म्हटलं. "हेडला चीर हाय. मीच बुजवलीय."

आप्पाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि इंजिन सुरू केलं. भगवतीचा किल्ला मागे पडला, दीपस्तंभ मागे पडला. रावजी नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला, उभा राहून कान देत होता, पण आप्पाच्या इंजिनापुढे काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने एकदा आप्पाला इंजिन थांबवायला लावलं. लाटा फळ्यांना चाटत होत्या, बाकी काही नाही. मग खूप दूर, मिऱ्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, एका लाँचवरून पांढरा धूर सरळ वर चढताना दिसला. डिझेलचा धूर काळा असतो. हा पांढरा होता, आणि क्षणात विरला.

ते पोचले तेव्हा लाँच आडवी वाहत होती. खलाशी मागच्या टोकाला गोळा झाले होते. इंजिनाच्या खणाचं झाकण उडून समुद्रात गेलं होतं. केरूला त्यांनी जाळ्यावर निजवलं होतं. शीळ आली तेव्हा तो वाकून कान लावून ऐकत होता, असं एकाने सांगितलं. "आवाज बरा नाय," एवढंच तो म्हणाला होता, आणि इंजिन बंद करायला त्याने हात पुढे केला होता.

केरू जगला. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू भाजली, तो डोळा गेला. रत्नागिरीच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी बाकीच्या खलाशांची चौकशी केली. मग एक दिवस रावजी उशाशी बसलेला असताना विचारलं, "भावोजी, तुमाला ठाऊक होता?"

सगुणा खिडकीपाशी मोसंबं सोलत होती. तिचे हात थांबले.

"होता," रावजी म्हणाला.

"मी खडूचा विचारला तेव्हापन?"

"तेव्हापन."

केरूने तोंड भिंतीकडे वळवलं. सगुणाने मोसंबं तसंच अर्धवट सोललेलं खाली ठेवलं. भाऊ बरा झाल्यावर त्याच्यासोबत माहेरी गेली ती भातं कापून झाल्यावरच परत आली, आणि आल्यावरही वर्षभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

रावजीने धक्क्यावर उभं राहून सगळं सांगून टाकलं, धोंडूशेठसमोर, खलाशांसमोर. कोल्हापूरला बक्षीस मिळालेली ढाल माणसाच्या हाती परत पाठवली. धोंडूशेठने त्याला मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. पण धोंडूशेठ नुसता म्हणाला, "मला नाय म्हणालास त्या दिवशी एक शब्द जास्त बोलला असतास तर?" पुढची दोन-तीन वर्षं लोक त्याच्याकडे नटबोल्ट आणि पंख्याचे दांडे घेऊन येत. हेड घेऊन कुणी आलं नाही.

केरूने लांज्याला हमरस्त्याच्या कडेला स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. एका डोळ्याने आणि आखडलेल्या हाताने तो कसं काम करतो हे बघायला आधी माणसं यायची, मग कामासाठी यायला लागली. रावजी अधूनमधून एसटीने जायचा. बाकावर बसायचा. केरू त्याला चहा द्यायचा, जा म्हणायचा नाही, बसाही म्हणायचा नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखात रावजी असाच बसलेला असताना एक मालट्रक आला. इंजिन गरम होतंय म्हणून ड्रायव्हरची तक्रार. केरूने हेड उतरवलं, पुसलं, उलटसुलट बघितलं आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते उचलून रावजीच्या पुढ्यात ठेवलं. "बगा," म्हणाला.

रावजीने त्यावर बोट फिरवलं. खिशातून खडू काढला. रॉकेल लावलं, पुसलं, भुकटी मारली. तिघेही वाकून बघत राहिले. रेघ हळूहळू उमटली.

"नाय चालायचा," रावजी ड्रायव्हरला म्हणाला. "दुसरा घाल."

"अहो, गोव्यापर्यंत तर जाईल?" ड्रायव्हर म्हणाला. "आंबे हायेत मागे, कुजतील."

"नाय जायचा," केरू म्हणाला. "माझ्याकडे बघ. मी सांगतोय."

ड्रायव्हरने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. शेजारच्या टपरीवर जाऊन आला, घड्याळ बघितलं, मग क्लीनरला हाताशी घेऊन त्याने स्वतःच हेड चढवलं. केरूने पाना दिला नाही. त्यांच्याकडे आपले पाने होते. ट्रक सुरू झाला, क्लीनर फळीवर लटकून हसत हात हलवत गेला, आणि उताराला लागताच वळणाआड नाहीसा झाला. दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याचा आवाज ऐकत होते. तो राजापूरच्या दिशेने बारीक होत गेला, मधे एकदा गिअर बदलला, आणि मग ऐकू येईनासा झाला.